पाच वॉटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प : वाचकांचे प्रश्न

छोट्या व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणाऱ्या) गिटार अ‍ॅम्पबद्दल बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : नवा अ‍ॅम्प ५ वॉटचा आहे. आत एक १२एएक्स७ (गिटारचा सिग्नल वाढवणारा छोटा व्हॉल्व्ह), एक ईएल८४ (स्पीकर चालवणारा पॉवर व्हॉल्व्ह), स्पीकर ८ इंची. व्हॉल्यूम ३ च्या वर नेला की शेजारचे दार वाजवतात. खाली ठेवला तर आवाजात जीवच नसतो. इतक्या कमी वॉटचा अ‍ॅम्प हळू वाजायला नको का? (सुदामानगर, इंदूर)

उत्तर : ५ वॉट म्हणजे हळू नव्हे. गिटारचा बरा स्पीकर १ वॉटला १ मीटरवर साधारण ९५ डेसिबल देतो, ५ वॉटला १०२. त्याच स्पीकरवर ५० वॉट दिले तर ११२. कानाला १० डेसिबलची वाढ दुपटीसारखी वाटते, म्हणजे दसपट वॉट देऊन आवाज जेमतेम दुप्पट. निवासी भागासाठी नियमांतली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल आहे. शेजाऱ्यांचं काही चुकत नाही.

जीव नसण्याचं कारण वेगळं. तुमच्या अ‍ॅम्पमध्ये पॉवर व्हॉल्व्ह एकच आहे. त्याच्यावर जोर आला की मूळ सुराबरोबर वरच्या सप्तकातला तोच सूर, षड्जाबरोबर तार षड्ज, थोडासा मिसळतो. भरीवपणा येतो तो बराचसा यातून, आणि व्हॉल्यूम २ वर हा व्हॉल्व्ह निवांत असतो. शिवाय हळू आवाजात कानाला खर्ज कमीच ऐकू येतो.

आधी मागच्या बाजूला वॉट कमी करण्याचा स्विच आहे का ते बघा, काही मॉडेल्सना असतो. नसेल तर अ‍ॅम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये अ‍ॅटेन्युएटर, म्हणजे अ‍ॅम्पची बरीचशी शक्ती स्वतः शोषून घेणारा डबा, लावा. त्याचे ओहम (विजेच्या रोधाचं माप) दोन्हींशी जुळणारे हवेत आणि क्षमता निदान १५ वॉटची, कारण पूर्ण दाबलेला ५ वॉटचा अ‍ॅम्प ५ पेक्षा जास्त देतो. १० डेसिबल कमी केले की स्पीकरला अर्धा वॉट पोचतो, २० केले की ०.०५. त्याच्याही खाली गेलात तर आवाज कोंदट होतो, मग अ‍ॅटेन्युएटरला दोष देऊ नका. अ‍ॅम्प जमिनीवरून उचलून स्टुलावर ठेवा आणि सामाईक भिंतीपासून दूर न्या. खालच्या मजल्यावर जाणारा खर्ज तेवढ्यानेही कमी होतो.

प्रश्न : अ‍ॅम्पला व्हॉल्यूम आणि टोन अशा दोनच चाव्या आहेत. वेगवेगळे आवाज काढायचे कसे? (टिळकनगर, इंदूर)

उत्तर : तिसरी चावी गिटारवर आहे, आणि खरी मजा तीच देते. गिटारचे व्हॉल्यूम आणि टोन १० वर ठेवा, अ‍ॅम्पचा टोन मध्यावर. आता ई कॉर्ड जोरात मारत अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम हळूहळू वाढवा. जोराने मारल्यावर आवाज फाटतो आणि बोटाने हलकेच छेडल्यावर स्वच्छ राहतो, अशी एक जागा सापडेल. बहुतेक अ‍ॅम्पवर ती ५ ते ७ च्या दरम्यान असते. तिथे अ‍ॅम्प सोडून द्या. पुढचं सगळं गिटारच्या व्हॉल्यूमवरून : ६ वर स्वच्छ साथ, ८ वर किंचित खरखर, १० वर सोलो. हंबकर, म्हणजे दोन कॉइलच्या पिकअपचा (तारांची कंपनं टिपणाऱ्या भागाचा) सिग्नल जोरदार असतो, त्यामुळे फाटण्याची जागा लवकर येते. हंबकर स्वच्छ वाजवायचा असेल आणि अ‍ॅम्पला दोन इनपुट असतील तर दुसऱ्यात जोडा. जुन्या फेंडर कंपनीच्या पद्धतीच्या सर्किटमध्ये दुसऱ्या इनपुटला सिग्नल निम्मा होतो.

गिटारचा व्हॉल्यूम उतरवला की आवाज बोथट होतो, अशी तक्रार यानंतर येणारच. केबलला मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरॅड कपॅसिटन्स असतो आणि तो वरचे सूर खातो. आधी केबल ३ ते ५ मीटरवर आणा. तेवढ्याने भागलं नाही तर गिटारच्या व्हॉल्यूम पॉटवर (चावीखालच्या फिरत्या रेझिस्टरवर), पिकअपची तार येते तो आणि मधला अशा दोन टोकांमध्ये १००० पिकोफॅरॅडचा कपॅसिटर आणि त्याला समांतर १५० किलोओहमचा रेझिस्टर सोल्डर करा. दोन्ही मिळून काही रुपयांचे, पण फरक मोठा.

ओव्हरड्राइव्ह पेडल असेल तर त्याचा ड्राइव्ह जवळजवळ शून्य आणि लेव्हल वर ठेवा, म्हणजे अ‍ॅम्पच फाटतो. डिले आणि रिव्हर्ब फाटलेल्या अ‍ॅम्पच्या आधी लागल्यावर गिचमिड होते. छोट्या अ‍ॅम्पना सहसा इफेक्ट्स लूप (फाटल्यानंतरच्या सिग्नलला पेडल जोडायची सोय) नसतो, तेव्हा पेडलचा मिक्स अगदी थोडा ठेवा.

प्रश्न : अ‍ॅम्पमधून सतत घूंऽऽ येतं. पंखा हळू केला की वाढतं. (लोकमान्यनगर, इंदूर)

उत्तर : बरेच इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लाट कापून पंखा हळू करतात. त्या कापण्यातून येणारी चिरचिर गिटारचा सिंगल कॉइल पिकअप पकडतो. पंखा पूर्ण वेगात किंवा बंद ठेवा आणि जागच्या जागी फिरून बघा. एका दिशेला गुणगुण सर्वांत कमी असेल. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवरही हेच होईल.

मग अ‍ॅम्पमधून केबल काढा. आवाज थांबला तर दोष गिटार, केबल किंवा खोलीतल्या वायरिंगचा. थांबला नाही, आणि व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही तेवढाच राहिला, तर तो पॉवर सप्लायकडून येतो. एकाच पॉवर व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये थोडा हम, म्हणजे ही घूं, राहतोच. दोन व्हॉल्व्हच्या पुश-पुल जोडणीत सप्लायचा हम एकमेकांना मारतो, इथे मारायला दुसरा नाही. जुन्या अ‍ॅम्पमध्ये हम अचानक वाढला तर फिल्टर कपॅसिटर तपासून घ्या, पण जाणकाराकडून. आत ३०० व्होल्टच्या वर डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये टिकतो.

हम जावा म्हणून प्लगची अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला कुणी देईल. ऐकू नका. गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या चासीला (धातूच्या सांगाड्याला) जोडलेल्या असतात, आणि अर्थ नसताना आत बिघाड झाला तर तो करंट तुमच्या हातातून जाईल. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या, ३ च्या आत हवं.

प्रश्न : भाच्याने अमेरिकेहून १२० व्होल्टचा अ‍ॅम्प आणला आहे. इथे चालेल का? (महू)

उत्तर : थेट लावलात तर काही क्षणांत जळेल. मागची पट्टी वाचा. ५०/६० हर्ट्झ लिहिलं असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर पुरे. फक्त ६० लिहिलं असेल तर अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापेल. ५ वॉटचा अ‍ॅम्प भिंतीतून ४०-५० वॉट ओढतो, म्हणून स्टेप-डाउन १०० व्हीएचा घ्या. महाराणी रोडच्या बाजारात विचारताना अर्थची तार आरपार आहे ना, हे आवर्जून बघा. दोन पिनांचा नको. हेअर ड्रायरसाठी मिळणारे हलके प्रवासी कन्व्हर्टर अजिबात नकोत.

बाजारात बहुतेक स्टेप-डाउन ११० व्होल्टचे मिळतात. घरात २४५ व्होल्ट येत असतील तर त्यातून ११७ निघतात, म्हणजे उत्तमच. उलट २३० चा अ‍ॅम्प २५० व्होल्टवर चालला की व्हॉल्व्हच्या हीटरला (आतल्या तापणाऱ्या तारेला) ६.३ ऐवजी ६.८५ व्होल्ट मिळतात. १० टक्क्यांची सवलत असते, तिच्या आत आहे, पण काठावर. व्होल्टेज रोज याच्या वर जात असेल तर स्टॅबिलायझर लावा.

प्रश्न : १२ इंची स्पीकरचा कॅबिनेट जोडला तर? (रामबाग, इंदूर)

उत्तर : जरूर जोडा, नवा अ‍ॅम्प घेतल्यासारखं वाटेल. ८ इंची स्पीकर आणि छोट्या पेटीला खर्ज झेपत नाही. ८ ओहमच्या जॅकला ८ ओहमचाच कॅबिनेट, आणि जोडायला दोन जाड तारांची स्पीकर केबल. गिटारची शील्डेड केबल इथे चालत नाही. अदलाबदल करताना अ‍ॅम्प बंद ठेवा. स्पीकरशिवाय वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळतं, इन्सुलेशन फुटतं, आणि छोट्या अ‍ॅम्पमधला तो सर्वांत महागड्या भागांपैकी एक. स्पीकरच्या जॅकमध्ये हेडफोनही लावू नका.

प्रश्न : व्हॉल्व्हमध्ये निळी झाक दिसते. बदलायचा का? (रामबाग, इंदूर)

उत्तर : काचेला चिकटून दिसणारी निळी झाक निरुपद्रवी. आतली करडी पत्र्याची नळी लाल झाली तर लगेच बंद करा. वरचा चंदेरी डाग पांढरा पडला तर आत हवा शिरली आहे, तो व्हॉल्व्ह संपला. १२एएक्स७ वर पेन्सिलीने हलकेच टिचकी मारल्यावर स्पीकरमधून घंटेसारखा नाद आला तर तो बदला. पॉवर व्हॉल्व्ह मात्र तुम्ही वाजवत नसतानाही पूर्ण करंट ओढत असतो, म्हणून चहाला उठताना अ‍ॅम्प बंद करा. मे महिन्यात मागे वीतभर जागा मोकळी ठेवा, वर कापड टाकू नका.

प्रश्न : गल्लीतल्या गणेशोत्सवाच्या कार्यक्रमाला ५ वॉट पुरतील? (परदेशीपुरा, इंदूर)

उत्तर : ढोल किंवा ड्रमसेटसमोर एकटा अ‍ॅम्प पुरणार नाही. जाळीपासून २-३ सेंटिमीटरवर डायनॅमिक माइक लावा, स्पीकरच्या मधोमध न धरता मध्य आणि कडा यांच्या बरोबर अर्ध्यावर. मधोमध धरला तर आवाज टोचतो, कडेला धरला तर मंदावतो. तो माइक पीएला (कार्यक्रमाच्या लाउडस्पीकर यंत्रणेला) द्या आणि अ‍ॅम्प स्वतःच्या समोर तिरका ठेवा, म्हणजे तुम्हाला तुमची गिटार ऐकू येईल.