केल्पची पावडर घेऊन थायरॉईडची गोळी सुटते का?

प्रश्न : मी परभणीची, वय ५२. थायरॉईड कमी आहे म्हणून रोज सकाळी उपाशीपोटी गोळी चालू आहे. लेक पुण्याला असते, तिनं समुद्री शेवाळाची, केल्पची पावडर आणून दिलीय, रोज एक चमचा ताकातून घे, गोळी आपोआप सुटेल असं म्हणायलीय. सोबत नोरी म्हणून दुसऱ्या शेवाळाचे काळे कागदासारखे पापड पण आणलेत, नातू ते नुसतेच खायलाय. आमच्यात हे कधी कुणी खाल्लं नाही, चालतं का?

उत्तर : ताई, पावडरीचा डबा आधी बाजूला ठेवा, पापडाचं मग बघू. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं आणि केल्पच्या एका ग्रॅममधेच कधीकधी २००० च्या वर निघतं, वर ते प्रत्येक मालात वेगळं, आणि चमचाभर पावडर म्हणजे दोन-तीन ग्रॅम तरी झालीच. लेकीचा हिशोब असा असणार की थायरॉईडला आयोडीन लागतं मग जास्त दिलं की बरं होईल, पण आयोडीनचं मीठ घरोघरी आल्यापासून बहुतेकांना त्याची कमतरता नसतेच, थायरॉईड कमी होतं ते बहुतेकदा आपलंच शरीर आपल्या थायरॉईड ग्रंथीवर उलटतं म्हणून, हाशिमोटो म्हणतात ते, आणि त्यात वरून आयोडीन ओतलं तर ग्रंथी अजून मंदावू शकते. गोळी मनानं बंद करायची नाही म्हणजे नाही.

नोरीत आयोडीन बरंच कमी, नातवानं अधूनमधून एखाद-दोन खाल्ले तर काही बिघडत नाही, फक्त मसाला लावलेल्यात मीठ किती ते बघा. प्रोटीन भरपूर असतं म्हणतात ते वाळलेल्या वजनावर खरंय, पण अख्खा पापड तीन ग्रॅमचा, त्यात मिळून मिळून एक ग्रॅम प्रोटीन, मूठभर शेंगदाण्यात सहा मिळतं, ते पण आपल्या गावच्या भावात! बी १२ नोरीत असतं पण शाकाहारी माणसानं त्याच्याच भरवशावर राहू नये.

हिजिकी हे अजून एक शेवाळ, ते लिहिलेलं पाकीट मात्र घेऊच नका, काळ्या बारीक काड्या असतात, त्यात विषारी प्रकारचं आर्सेनिक असतं, ब्रिटनच्या अन्न खात्यानं २००४ मधेच खाऊ नका म्हणून सांगितलं होतं.

आणि कुणी खाल्लं नाही म्हणताय, पण चायना ग्रासची जेली खाल्ली असेलच की, ते शेवाळाचंच, तमिळनाडूत मन्नारच्या आखातात बाया समुद्रात उतरून हे शेवाळ काढतात.

पावडर आधीच सुरू केली असेल तर डॉक्टरांना तसं सांगा आणि टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, कधी करायची ते विचारून घ्या, जाताना डबा सोबत न्या.