'पश्चात्ताप करा' आणि 'प्रायश्चित्त घ्या'

मराठी बायबलमध्ये येशू 'पश्चात्ताप करा' म्हणतो, आणि वसईकडचे कॅथलिक ईस्टरआधीच्या दिवसांना 'प्रायश्चित्तकाळ' म्हणतात. मग हे दोन शब्द एकच का, असा प्रश्न आला आहे.

एक नाहीत. शब्दकोश उघडण्याआधी क्रियापदं पाहा. पश्चात्ताप 'होतो'. प्रायश्चित्त 'देतात' आणि 'घेतात'. पहिला मनात आपोआप उठतो. दुसऱ्याला सांगणारा लागतो, विधी लागतो, आणि तो कधी पुरा झाला हेही ठरलेलं असतं. पुण्यात १८९० साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमधल्या चहावरून ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उठलं आणि पुढे न्यायमूर्ती रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. त्या चहाचा त्यांना पश्चात्ताप झाला, असं कुणी म्हणणार नाही. तरी 'प्रायश्चित्त घेतलं' हे वाक्य पूर्ण बरोबर आहे.

मूळ ग्रीक शुभवर्तमानातला शब्द आहे 'मेटानोइया'. 'नूस' म्हणजे मन किंवा बुद्धी, आणि 'मेटा' इथे बदल दाखवतो. येशूच्या तोंडी त्याचं आज्ञार्थी रूप येतं. लॅटिन बायबलात त्याचं 'पेनितेन्तियाम आगिते' झालं, आणि त्याचा अर्थ 'प्रायश्चित्त करा' असाही लागतो. युरोपात शतकानुशतकं लोकांनी तो तसाच ऐकला. १५१६ मध्ये एरॅस्मस या विद्वानाने ग्रीक पाठ छापला, आणि पुढच्याच वर्षी जर्मन धर्मसुधारक ल्यूथरने आपल्या ९५ कलमांतलं पहिलं कलम याच शब्दावर लिहिलं: ख्रिस्ताला श्रद्धावंताचं सगळं आयुष्यच पश्चात्तापाचं हवं आहे. दुसऱ्या कलमात तो स्पष्ट करतो की धर्मगुरूसमोरच्या संस्काराबद्दल, म्हणजे पापनिवेदन आणि प्रायश्चित्त यांबद्दल, हे वचन नाही.

म्हणजे 'पश्चात्ताप' हा शब्द अगदी चपखल का? मला तसं वाटत नाही. पश्चात् अधिक ताप, म्हणजे मागाहून होणारी जळजळ. ती जळजळ खरी असते, पण तिची नजर मागेच लागलेली असते. प्रेषित पौल बायबलमधल्या करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात लिहितो की देवाला रुचणारं दुःख 'मेटानोइया' घडवतं. दुःख हे कारण झालं, मेटानोइया त्याचं फळ. आपला शब्द मात्र कारणापाशीच थांबतो. शुभवर्तमानकार मत्तयाने यहूदासाठी, म्हणजे येशूला पैशासाठी धरून देणाऱ्या शिष्यासाठी, तर वेगळंच क्रियापद वापरलं आहे, त्याला आपलं 'पस्तावला' फार नेमकं बसतं. यहूदा पस्तावला, चांदीची तीस नाणी परत नेऊन टाकली, आणि तिथेच संपला. लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार जक्कय मात्र अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायला आणि लुबाडलेलं चौपट परत करायला उभा राहतो. लूकने त्याच्या डोळ्यांत एक अश्रूही दाखवलेला नाही.

जुन्या करारातल्या संदेष्ट्यांचा हिब्रू शब्द 'शूव' याहून साधा आहे: परत फिरणे. मला विचाराल तर 'मागे फिरा' हेच मराठीत सर्वांत जवळचं. 'मन फिरवा' नको, कारण मराठीत मन फिरतं ते बहुधा दिलेल्या शब्दावरून.

यावरून 'प्रायश्चित्तकाळ' हा शब्द पोकळ ठरवू नका. त्या काळाची सुरुवात राखेच्या बुधवारी होते. कपाळाला राख लावण्याचा तो दिवस, आणि त्याच दिवशी मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, योएल संदेष्ट्याचा उतारा वाचतात: वस्त्रं नव्हे, हृदयं फाडा. विधीच्या पोटातच विधीला दिलेली ताकीद ठेवली आहे. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

लिहिताना 'पश्चाताप' नको, 'पश्चात्ताप' हवं. एक त पश्चात् मधला, दुसरा तापातला. आणि 'प्रायश्चित्त'च्या शेवटीही जोड त आहे.