भुकेला प्रभू आणि आपल्या परीक्षा: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

येशूचं मनुष्यपण आणि विश्वासणाऱ्याच्या आयुष्यातले मोह यांविषयी आलेल्या प्रश्नांपैकी सहा इथे घेतले आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: येशू देवाचा पुत्र होता, त्याच्याकडून पाप होणं शक्यच नव्हतं. मग त्याची परीक्षा हा नुसता देखावा नव्हता का? "सर्व प्रकारे आपल्याप्रमाणे पारखलेला" हे मनापासून कसं मानायचं?

परीक्षा खरी आहे की नाही, हे ती देणाऱ्याला काय सोसावं लागलं त्यावरून कळतं. येशूने काय सोसलं ते शुभवर्तमानं लपवत नाहीत. तो विहिरीपाशी दमून बसतो (योहान ४:६), वादळात नावेच्या मागच्या भागात गाढ झोपतो (मार्क ४:३८), लाजाराच्या कबरेजवळ रडतो. शेवटच्या दिवसाची घटका आपल्यालाही ठाऊक नाही, असं तो स्वतः सांगतो (मार्क १३:३२). गेथशेमानेत तो शिष्यांना म्हणतो की माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे. इब्री ५:७ मध्ये त्याच्या मोठ्या आक्रोशाचा आणि अश्रूंचा उल्लेख आहे. देखाव्यासाठी कोणी असं रडत नाही.

मंडळीने या मुद्द्यावर फार मोठी किंमत मोजली आहे. चौथ्या शतकात अपोलिनारिसने शिकवलं की येशूचं शरीर माणसाचं होतं, पण मानवी मनाच्या जागी देवाचा शब्द, म्हणजे स्वतः देवपुत्र, होता. त्यावर नाझियान्झसच्या ग्रेगरीचं उत्तर होतं की ख्रिस्ताने जे धारण केलं नाही ते बरंही झालं नाही. आपले मोह मनातच घडतात, तेव्हा ख्रिस्ताला मानवी मन नसेल तर आपलं मन तारणाबाहेरच राहील. इ.स. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपरिषदेने अपोलिनारिसची शिकवण नाकारली. ४५१ मध्ये खाल्सेदोनच्या धर्मपरिषदेने "खरा देव आणि खरा मनुष्य" असं ठरवून सांगितलं. ६८०-८१ च्या परिषदेने ख्रिस्ताला मानवी इच्छाही होती हे मान्य केलं. त्याआधी हीच गोष्ट ठामपणे मांडणाऱ्या मॅक्सिमस या वृद्ध संन्याशाची ६६२ मध्ये जीभ आणि उजवा हात तोडण्यात आला होता. त्याचा सारा भर गेथशेमानेतल्या वाक्यावर होता: "माझ्या इच्छेप्रमाणे नको, तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो." मरण टाळावंसं वाटणारी मानवी इच्छा तिथे खरोखर होती. येशूने ती पित्याच्या हाती दिली.

एक फरक मात्र सांभाळायला हवा. आपल्यात पापाकडे झुकणारी जी आतली ओढ आहे, ती त्याच्यात नव्हती. त्यामुळे त्याला आपलं दुःख कमी समजतं, असं कोणी मानू नये. आपण बहुतेक वेळा अर्ध्या वाटेवर शरण जातो आणि तिथेच तो ताण संपतो. तो शेवटपर्यंत उभा राहिला, म्हणून मोहाचा सगळा जोर त्यालाच सोसावा लागला.

प्रश्न: अरण्यातल्या तीन परीक्षांवर बरेच उपदेश ऐकले. पण मला कोणी दगडांच्या भाकरी करायला सांगत नाही. माझ्या आयुष्याशी त्यांचा काय संबंध?

पुष्कळ आहे. फक्त मत्तय ४ वाचताना जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाचे अध्याय ६ ते ८ शेजारी उघडे ठेवा. येशूची तिन्ही उत्तरं तिथली आहेत: ८:३, ६:१६ आणि ६:१३. इस्राएल ४० वर्षं अरण्यात होतं. भुकेत ते कुरकुरलं, मस्सा इथे त्याने देवाची परीक्षा पाहिली, आणि त्याने दुसऱ्या देवांपुढे गुडघे टेकले. येशू ४० दिवस त्याच वाटेने जातो आणि जिथे लोक पडले तिथे उभा राहतो.

आता पहिली परीक्षा जवळून पाहा. भूक लागणं पाप नाही. भाकरी निर्माण करणंही पाप नाही, कारण पुढे त्यानेच पाच हजारांना जेवू घातलं. मोह होता तो पित्यावरचा भरवसा सोडून आपली गरज आपल्या हाताने, लगेच, गुपचूप भागवण्याचा. आपले बहुतेक मोह याच जातीचे असतात. गरज खरी असते: विश्रांतीची, जवळिकीची, मान मिळण्याची. ती भागवायचा आडमार्ग पुढे केला जातो. म्हणून मोह आला की आधी विचारा, "यामागे माझी खरी गरज कोणती?" थकव्यातून आलेल्या मोहाशी रात्री एक वाजता झगडत बसण्यापेक्षा दहा वाजता झोपणं हा चांगला उपाय आहे. एलीया निराश होऊन मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला दोनदा उठवून खायला-प्यायला दिलं आणि मध्ये झोपू दिलं (१ राजे १९). उपदेश त्यानंतर आला.

दुसऱ्या परीक्षेत सैतान स्वतः वचन वापरतो, स्तोत्र ९१:११-१२. पण त्यातले "तुझ्या सर्व मार्गांत" हे शब्द तो गाळतो. देवाचं रक्षण देवाच्या वाटेवर चालणाऱ्यासाठी आहे, मंदिराच्या शिखरावरून उडी मारून देवाला वेठीस धरणाऱ्यासाठी नाही. पुढच्याच ओवीत सर्पाला पायाखाली तुडवण्याची गोष्ट आहे, आणि तिथे तो गप्प बसतो. एखादं वचन तुमच्या मनातल्या इच्छेला फारच सोयीचं वाटू लागलं, तर त्याच्या मागच्या-पुढच्या दहा ओव्या वाचून मगच निर्णय घ्या.

तिसरीत सैतान आपल्याला नमन करण्याच्या बदल्यात जगातली राज्यं देऊ करतो, म्हणजे वधस्तंभाशिवाय राज्य. हाच मोह पुढे पेत्राच्या तोंडून येतो (मत्तय १६:२२-२३) आणि वधस्तंभाजवळून जाणाऱ्यांच्या तोंडूनही: "तू देवाचा पुत्र असलास तर खाली ये." अरण्यातली सुरुवातही "तू देवाचा पुत्र आहेस तर" अशीच झाली होती, आणि तीही बाप्तिस्म्याच्या वेळी "हा माझा पुत्र" ही वाणी झाल्यावर लगेच. आशीर्वादाच्या दिवसानंतरचा आठवडा म्हणूनच जपून काढावा.

प्रश्न: मनात घाणेरडा किंवा द्वेषाचा विचार आला म्हणजे पाप झालंच का? मला दिवसभर अपराधी वाटतं.

नाही. याकोब १:१४-१५ मध्ये क्रम दिला आहे: ओढ, मग तिला गर्भ राहणं, मग पाप. येशूच्याही पुढे सूचना ठेवल्या गेल्या, त्या त्याच्या कानावर पडल्या आणि त्याला समजल्या. त्याने त्यांना होकार दिला नाही. मत्तय ५:२८ मध्ये दोष आहे तो अभिलाषा धरून पाहत राहण्याचा. विचार दारात येणं आणि त्याला आत बोलावून बसवणं यांत अंतर आहे. आला तो विचार ओळखा, देवापुढे एका वाक्यात त्याचं नाव घ्या आणि हातातल्या कामाकडे वळा. त्याच्याशी वाद घालत बसलात तर त्याला अधिक वेळ मिळतो. नको असलेले तेच ते विचार रोज तासन् तास छळत असतील आणि कबुली देऊनही सुटका वाटत नसेल, तर पाळकांबरोबर मानसोपचारतज्ज्ञालाही भेटा. तो विश्वासाचा अभाव नव्हे.

प्रश्न: रात्री मोबाईलवर अश्लील चित्रफिती पाहण्याची सवय आहे. रडून प्रार्थना करतो, शपथ घेतो, आठवड्याने परत तेच. नेमकं काय करू?

तुमची प्रार्थना खरी आहे. ती उशिरा होते आणि एकट्याने होते, अडचण तिथे आहे. गेथशेमानेत येशूने शिपाई येण्याआधी प्रार्थना केली, आणि ती करताना पेत्र, याकोब व योहान यांना जवळ जागं राहायला सांगितलं. देवाच्या पुत्राने सोबत मागितली. ते झोपले हा त्यांचा दोष, पण त्याने मागायला कमीपणा मानला नाही.

सुरुवात नोंदीपासून करा. दोन आठवडे, पडलात की वेळ, जागा आणि त्याआधीची मनाची अवस्था एका ओळीत लिहा: भूक, राग, एकटेपणा, थकवा, कंटाळा. बहुतेकांच्या नोंदीत दोन-तीनच वेळा पुन्हापुन्हा दिसतात. लढाई त्या वेळेच्या तासभर आधीची आहे. मोबाईल रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा आणि उठण्यासाठी साधं गजराचं घड्याळ घ्या. ज्या ॲपमधून सुरुवात होते ते काढून टाका. फिल्टर बसवा आणि त्याचा पासवर्ड दुसऱ्याकडे द्या, कारण स्वतःकडे ठेवलेला पासवर्ड निर्बलतेच्या क्षणी हमखास आठवतो.

मग एक माणूस निवडा: तुमच्याच लिंगाचा, विश्वासात मुरलेला, तोंड बंद ठेवणारा. आठवड्याचा एक वार आणि वेळ ठरवा आणि त्याने थेट विचारावं, "या आठवड्यात पाहिलंस का? कधी? त्याआधी काय झालं होतं?" "कसं चाललंय?" या प्रश्नाला सगळे "ठीक" म्हणतात, म्हणून तो प्रश्न चालणार नाही. याकोब ५:१६ एकमेकांजवळ पाप कबूल करायला सांगतो. पुष्कळ जण फक्त देवाजवळ कबुली देतात आणि नेमकं हेच पाऊल वर्षानुवर्षं टाळतात.

ओढ आली की अंथरुणात पडून प्रार्थना करू नका. उठा, दिवा लावा, घरातले लोक असतील त्या खोलीत जा, आणि पाठ केलेलं वचन मोठ्याने म्हणा. ओढ तितक्याच जोराने टिकत नाही. तिला खाद्य मिळालं नाही तर ती ओसरते. वचनं दोन-तीनच निवडा, पण तुमच्या खोट्याला नेमकी लागू पडणारी. "कोणाला कळणार नाही" असं मन म्हणत असेल तर स्तोत्र १३९. "आता पडलोच, मग काय उरलं" असं म्हणत असेल तर १ योहान २:१. चौथ्या शतकात इजिप्तच्या अरण्यात राहणाऱ्या इव्हाग्रियसने प्रत्येक दुष्ट विचारासाठी शास्त्रातली वेगळी उत्तरं गोळा केली होती, आणि त्याने ही पद्धत येशूच्या अरण्यातल्या उत्तरांवरूनच घेतली.

दोन चुका टाळा. "पुन्हा कधीच नाही" ही शपथ घेऊ नका. आजच्या रात्रीपुरतं मागा, प्रभूच्या प्रार्थनेत भाकरीही रोजचीच मागितली आहे. आणि रिकामा झालेला वेळ रिकामा ठेवू नका. मत्तय १२:४३-४५ मधलं झाडून-लोटून ठेवलेलं घर रिकामं होतं, म्हणून तिथे आणखी सात आत्मे येऊन राहिले.

प्रश्न: पती मारहाण करतात. काही जण म्हणतात, ही परीक्षा आहे. शक्तीपलीकडे परीक्षा होत नाही, म्हणून सोसत राहा. हे बरोबर आहे का?

बरोबर नाही. तो १ करिंथ १०:१३ चा दुरुपयोग आहे. त्या अध्यायात मूर्तिपूजा, जारकर्म आणि कुरकुर यांच्या मोहाविषयी लिहिलं आहे. कोणाच्या हातचा मार खात राहण्याची आज्ञा तिथे नाही. त्याच ओवीत निभावण्याच्या उपायाचं वचन आहे आणि पुढच्या ओवीत "पळा" असं आहे. पोटीफरच्या बायकोने धरलं तेव्हा योसेफ वस्त्र टाकून पळाला. नासरेथच्या लोकांनी कड्यावरून लोटायला नेलं तेव्हा येशू त्यांच्यामधून निघून गेला (लूक ४:२९-३०), आणि योहान १०:३९ मध्येही तो त्यांच्या हातून निसटला. वधस्तंभ त्याने स्वतःहून, पित्याच्या वेळी, जगाच्या तारणासाठी पत्करला. घरातली मारहाण तसली गोष्ट नाही. आधी स्वतःला आणि मुलांना सुरक्षित जागी न्या, दुखापत डॉक्टरांना दाखवून नोंद करून घ्या, विश्वासू नातेवाइकाला आणि पोलिसांना सांगा. क्षमेचं बोलणं नंतर होऊ शकतं. क्षमा केली म्हणून त्याच घरी परत जावंच लागतं असं नाही.

प्रश्न: पुन्हापुन्हा त्याच पापात पडतो. अशा वेळी प्रभुभोजनापासून दूर राहावं का?

१ करिंथ ११:२८ म्हणतं की माणसाने आत्मपरीक्षण करावं आणि मग ती भाकर खावी. परीक्षणाचा शेवट मेजाकडे जाण्यात आहे. पाप सोडायचंच नाही असं ठरवून मेजाशी जाणं वेगळं, आणि लढता लढता पडून, कबुली देऊन जाणं वेगळं. काही मंडळ्यांत गंभीर पापानंतर आधी पाळकांजवळ किंवा धर्मगुरूंजवळ पापकबुली देण्याची शिस्त आहे. तुमच्या मंडळीत ती असेल तर पाळा, आणि त्याच आठवड्यात जा, पुढे ढकलू नका. पेत्र आपल्याला नाकारणार हे येशूला आधीच माहीत होतं, आणि त्याने त्याला सांगितलं, "तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे" (लूक २२:३२). ही विनंती पेत्र पडण्याच्या आधीची आहे. इब्री ७:२५ प्रमाणे तो आजही मध्यस्थी करतो. तेव्हा पडलात त्याच दिवशी, झोपण्याआधी, १ योहान १:९ उघडून त्या पापाचं नाव घेऊन कबुली द्या. ज्याचं नुकसान झालं त्याची भरपाई करायची असेल तर ती उद्याच्या कामांत लिहून ठेवा, आणि तुमच्या त्या एका माणसाला फोन करा.