जुना डिझेल ट्रक घेतला, पण आरसीवर एक इंजिन आणि गाडीत दुसरंच निघालं. गाडी चांगली पळते, तर तसंच राहू द्यावं का?

तुमचा प्रश्न वाचला आणि माझा जानेवारी 2021 डोळ्यासमोर आला. तुम्ही लिहिलंय की सर्व्हिसिंगला लावल्यावर मेकॅनिक म्हणाला हे इंजिन या गाडीचं नाही, पण ओढायला एकदम दमदार आहे, मग कशाला हात लावायचा. माझं उत्तर आधीच सांगतो, राहू देऊ नका. निदान ते इंजिन मुळात कुठल्या गाडीचं आहे हे कळेपर्यंत तरी गाडी भरून रस्त्यावर काढू नका.

मी देवगडचा. मार्च ते मे हापूसच्या पेट्या, बाकीच्या वेळी बर्फ, मासळी, कधी चिरा, असा धंदा. 2020च्या दिवाळीत कोल्हापूरकडच्या एका एजंटाकडून 2006 मॉडेलची टाटा 407 घेतली. बॉडी ठीक, पाटे ठीक, टायर निम्मे, कागद तो करून देणार होता. पहिल्याच भाड्याला मासळी घेऊन फोंडा घाट चढलो आणि मी थक्क झालो, जिथे माझी आधीची गाडी दुसऱ्या गिअरवर रडायची तिथे ही तिसऱ्यावर खेचत होती. वर पोचल्यावर घरी फोन करून सांगितलं की गाडी झकास गावली. इंजिनला टर्बो (आत जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारा पंखा) होता, तो मला दिसला होता, पण नंतरच्या 407ला टर्बो आलाच की, तर कुणीतरी तोच बसवला असेल असं धरून मी गप्प बसलो.

दोन गोष्टी मात्र खटकत होत्या. घाटात हीटचा काटा वर जायचा, आणि भरलेली गाडी चढावर उचलताना क्लचचा वास यायचा. मग जानेवारीत, आंब्याच्या आधी, ऑईल बदलायला आमच्या मेस्त्रींकडे लावली. 407ला लागतं तेवढं ऑईल ओतलं तर गेजपट्टीवर खालच्या खुणेलाही पोचेना. मेस्त्री थांबले, टॉर्च घेऊन खाली गेले, बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि बाहेर येऊन म्हणाले, "अरे, ह्यां तुझ्या गाडीचां इंजिन न्हय."

मला पटेना. म्हणून त्यांनी जे करून दाखवलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. एक नोझल (सिलेंडरमध्ये डिझेल फवारतो तो) काढला, त्या भोकातून एक लांब सरळ सळी पिस्टनवर टेकवली (वरच्या टोकाला दोरा बांधून, आत पडली तर हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उतरवावा लागतो) आणि मला क्रँक पान्याने हळूहळू फिरवायला लावला. पिस्टन सगळ्यात वर आला तेव्हा सळीवर एक खूण, सगळ्यात खाली गेला तेव्हा दुसरी. मग दोन खुणांमधलं अंतर पट्टीवर धरलं. सळी जरा तिरकी जाते त्यामुळे आकडा एकदम तंतोतंत येत नाही, पण जे आलं ते 128 मिलिमीटरच्या आसपास होतं, 100 तर नक्कीच नव्हतं.

आता या आकड्यांचा अर्थ असा. टाटाचं 497 म्हणजे 4 सिलेंडर आणि 97 मिलिमीटर बोअर, म्हणजे सिलेंडरचा व्यास, तसंच 697 म्हणजे 6 सिलेंडर आणि बोअर तेवढाच. जुन्या 407चं इंजिन 97 बोअर आणि 100 स्ट्रोक (पिस्टन वर-खाली जातो ते अंतर, जे आम्ही सळीने मोजलं), म्हणजे 2956 सीसी. बोअर तोच ठेवून स्ट्रोक 128 केला की तेच चार सिलेंडर 3783 सीसी होतात, आणि हे इंजिन 709 वगैरे मोठ्या गाड्यांत येतं. बोअर सारखा, घराणं एक, नावात 497 दोघांच्याही, म्हणून वरवर बघणाऱ्याला फरक कळत नाही. 407 आली 1986ला, तेव्हा टोयोटा, मित्सुबिशी, माझदा आणि निस्सान या चार जपानी कंपन्यांच्या भागीदारीतल्या गाड्या तिच्या समोर होत्या, त्या सगळ्यांना ती पुरून उरली. तिचे पार्ट आणि ती उघडणारे मेस्त्री गावोगाव आहेत, ही फार मोठी सोय आहे, पण त्याच सोयीमुळे कुणीही कुठलंही इंजिन उचलून आत बसवू शकतो.

आरसी काढून बघितली तर घनक्षमतेच्या रकान्यात स्पष्ट 2956 लिहिलेलं. इतके दिवस तो कागद माझ्या डॅशबोर्डमध्ये होता आणि मी तो नीट वाचला नव्हता.

मग नंबर. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत ब्लॉकवर, म्हणजे इंजिनच्या मुख्य सांगाड्यावर, गंज आणि ऑईलचा थर असा बसतो की पंच केलेला नंबर दिसतच नाही. मेस्त्रींनी डिझेलच्या फडक्याने पुसलं, बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवला, मग शाळेतला पांढरा खडू त्यावर घासला आणि कोरडं फडकं मारलं. खडू फक्त अक्षरांच्या खाचेत राहिला आणि एकेक आकडा पांढरा उठून आला. आरसीवरच्या नंबरशी एकही मेळ नाही. त्या क्षणी माझ्या पोटात गोळा आला. कारण इंजिन मोठं निघालं हे ठीक, पण ते चोरीच्या ट्रकमधलं असलं तर? उद्या नाक्यावर कुणी नंबर मागितला तर गाडी आत आणि मीही आत.

तुम्हीही आज हेच करा. खडू मारून फोटो घ्या, आणि आरटीओत चॅसीचा पेन्सिल प्रिंट घेतात तसाच कागद धरून इंजिन नंबरचा प्रिंटही घेऊन ठेवा. ग्राइंडर मारल्यासारखा सपाट चकचकीत पट्टा दिसला किंवा आकडे वेगवेगळ्या उंचीचे वाटले तर तिथेच थांबा, गाडी हलवू नका, आधी वकिलाला भेटा आणि त्याच्यासोबत पोलिसांकडे जा. नंबर मूळ कंपनीचा वाटत असेल तर विकणाऱ्याकडून त्या इंजिनाचं बिल मागा, तोंडी नको, कागदावर.

मी एजंटाला धरलं. आधी तो म्हणाला मला काही माहीत नाही, पण गाडी अजून माझ्या नावावर व्हायची होती आणि थोडे पैसे द्यायचे बाकी होते, त्यामुळे त्याला बोलावं लागलं. आधीच्या मालकाचं इंजिन घाटात जाम झालं होतं, त्याने भंगारात निघालेल्या 709चं इंजिन घेऊन बसवलं. बिल होतं, त्यावर नंबर होता, आणि तो ब्लॉकशी जुळला. तेव्हा कुठे मला झोप लागली.

तरी प्रश्न सुटत नाही. मोटार वाहन कायदा 1988चं कलम 52 बघा. गाडीत असा बदल करायचा तर आधी आरटीओची परवानगी, आणि बदल केल्यावर 14 दिवसांत कळवून आरसीवर नोंद. न करता फिरलात तर कलम 182ए खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा दोन्ही. विम्याचं तर विचारूच नका, पॉलिसीवर एक इंजिन नंबर आणि गाडीत दुसरा, मग अपघात झाल्यावर क्लेम अडला तर कुणाला दोष देणार?

ओरोसला, आमच्या जिल्ह्याच्या आरटीओत, विचारलं तर साहेबांनी सरळ सांगितलं की या मॉडेलला हे इंजिन मंजूर नाही, याची नोंद होणार नाही, आरसीवर आहे त्याच प्रकारचं इंजिन बिलासकट आणा, ते चढवून देतो. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू, घाटातली ती ओढ हातातून जाणार होती. पण मेस्त्रींनी गिअरबॉक्स उघडून दाखवला आणि ते दुःखही संपलं. गिअरबॉक्स, क्लच, मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचे जॉईंट, रेडिएटर सगळं 407चंच, म्हणजे 2956 सीसीला बेतलेलं, त्यावर एवढा टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर. तिसऱ्या गिअरचे दात एका बाजूने खाल्लेले होते आणि मागच्या जॉईंटचा क्रॉस हाताने हलत होता. आंब्याच्या 200 पेट्या मागे आणि घाटात जॉईंट तुटला तर काय होतं ते ज्याने बघितलंय त्यालाच माहीत. मला ज्याचं कौतुक वाटत होतं तेच गाडी आतून खात होतं.

शेवटी 407चंच रिकंडिशन केलेलं इंजिन बिलासकट घेतलं, मोठं इंजिन एजंटाने परत घेऊन बाकीच्या पैशात वळतं केलं, वर माझे साधारण 70 हजार गेले. मार्चचा पहिला आठवडा त्यात गेला पण नंतर आरसीवर नवा नंबर चढला आणि गाडी नावावर झाली.

तुमचं काम होईपर्यंत गाडी जागच्या जागी सुरू करावीच लागली आणि इंजिनला टर्बो असेल, तर बंद करण्याआधी मिनिटभर आयडलवर ठेवा, टर्बोचं बेअरिंग ऑईलवर जगतं. आणि फिल्टर, बेल्ट, गॅस्केट काहीही घ्यायचं तर दुकानात गाडीचं नाव सांगू नका, इंजिनाचा नंबर दाखवा. तुमची गाडी कुठली, आरसीवर किती सीसी लिहिलंय आणि विकणाऱ्याचे किती पैसे द्यायचे राहिलेत ते खाली लिहा, इंजिन नंबर मात्र इथे टाकू नका. पैसे राहिले असतील तर अजून एक रुपयाही देऊ नका.