ती माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, मग एवढी थकलेली कशी?

प्रश्न : नमस्कार ताई, मी सध्या मुलीकडे न्यू जर्सीला आलीये सहा महिन्यांसाठी. शेजारच्या आजोबांना सांभाळायला एक बाई येते, आफ्रिकन-अमेरिकन आहे, दोन बस बदलून येते बिचारी, आणि माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीतही आमची छान गट्टी जमलीये. मी ६७ ची, ती ५८ ची. पण जिना चढताना तीच कठडा धरते. बीपी, शुगर, गुडघे आणि आता डॉक्टरांनी किडनीचंही सांगितलंय. जावई म्हणतात यांचं खाणंच तसं, मुलगी म्हणते पैसा नाही म्हणून, आणि शेजारी कोणीतरी म्हणालं की हे त्यांच्या रक्तातच असतं. नक्की काय असतं हो?
– एक वाचक, नाशिक (सध्या न्यू जर्सी)

उत्तर : काकू, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मी स्वतः तिकडे काही वर्षं एका डायलिसिस सेंटरमधे डाएटिशियन होते आणि तुमच्या मैत्रिणीसारख्या बायका रोज समोर बसायच्या, पन्नाशी-साठीतल्याच, पण हात बघितले की सत्तरीचे वाटायचे. अमेरिकेत आफ्रिकन-अमेरिकन लोक साधारण १३ टक्के, पण डायलिसिसच्या खुर्च्यांवर बघितलं तर दर तीनांत एक त्यांच्यातला.

आधी जावयांचं घेऊ. खाण्याचा वाटा आहेच, नाही कसं म्हणू, माझं कामच ते होतं. पण मी एका बाईंना मीठ कमी, ताजी भाजी, डब्यातलं काही नको असं सगळं समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, माझ्या बस स्टॉपपाशी पेट्रोल पंपाचं दुकान आहे, तिथे जे मिळतं ते मी खाते, भाजीच्या दुकानात जायचं तर एक तास जायला आणि एक तास यायला. त्या दिवसापासून मी डाएट चार्ट देण्याआधी घर कुठे आहे ते विचारायला लागले.

आणि घर कुठे आहे हाही नशिबाचा भाग नव्हता. १९३० च्या दशकात तिथल्या सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे करून वस्त्या रंगवल्या, जिथे कृष्णवर्णीय लोक राहायचे तो भाग बहुतेक ठिकाणी लाल, म्हणजे इथे कर्ज देणं धोक्याचं. १९६८ च्या कायद्याने घरांच्या बाबतीतला भेदभाव बंद झाला पण तोवर कित्येकांच्या दोन पिढ्या स्वतःच्या घराशिवाय गेल्या होत्या, आणि तिकडे मध्यमवर्गाची म्हातारपणाची पुंजी म्हणजे घरच असतं. त्या लाल वस्त्यांमधे झाडं कमी आणि डांबर जास्त, म्हणून १०८ शहरांचा अभ्यास केला तर त्या आजही सरासरी २.६ अंशांनी जास्त तापतात असं निघालं. साठीनंतर, बीपीची गोळी चालू असताना, वरच्या मजल्यावर पंख्याखाली तेवढे अंश काय करतात ते आपल्याकडे एप्रिल-मे काढलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

आता मुलीचं म्हणणं. पैशाचं तर अगदी खरं आहे. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मधे दाखवलं की अमेरिकेतल्या सगळ्यात श्रीमंत एक टक्का आणि सगळ्यात गरीब एक टक्का पुरुषांच्या आयुष्यात १४.६ वर्षांचा फरक आहे, बायकांमधे १०.१ वर्षांचा. पण काकू, नुसता पैसाच असता तर पैसा आल्यावर फरक मिटायला हवा होता ना? तसं होत नाही. मिशिगन विद्यापीठाच्या अर्लीन जेरोनिमस यांनी २००६ मधे बीपी, साखर, कोलेस्टेरॉल वगैरे एकत्र धरून शरीर किती झिजलंय ते मोजलं, तर सगळ्यात जास्त झीज निघाली गरीब कृष्णवर्णीय बायकांची, आणि दुसऱ्या नंबरवर गरीब गोऱ्या बायका नव्हत्या, तर गरीब नसलेल्या कृष्णवर्णीय बायका होत्या. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार लागलं होतं मनाला.

जेरोनिमस याला ऊन-पावसात राहून लाकूड झिजतं तसं झिजणं म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी 'अंगावर काढणं' आहेच की. संकट आलं की शरीर बीपी वाढवतं, साखर रक्तात सोडतं, लढायची तयारी करतं, आणि संकट गेलं की सगळं खाली यायला हवं. पण दुकानात शिरलं की मागे नजर, मुलगा रात्री उशिरापर्यंत घरी आला नाही की पोटात गोळा, कामावर दुप्पट नीट राहायचं कारण एक चूक झाली की सगळ्यांवर शिक्का, हे रोज आणि चाळीस वर्षं चाललं तर ते खाली येतच नाही, आणि मग धमन्या कडक होतात, किडनीच्या बारीक रक्तवाहिन्या जातात, डोक्यालाही रक्त कमी पडतं. तिथल्या वयस्कर कृष्णवर्णीयांमधे डिमेन्शियाचं प्रमाण गोऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट आहे.

शर्मन जेम्स नावाचे संशोधक आहेत, त्यांना नॉर्थ कॅरोलायनात जॉन हेन्री मार्टिन नावाचा म्हातारा शेतकरी भेटला होता. जन्म १९०७ चा, दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने राबणारं घर. या माणसाने ७५ एकर जमीन घेतली आणि ४० वर्षांचं कर्ज ५ वर्षांत फेडलं! पन्नाशी सरता सरता बीपी, सांधे गेलेले आणि पोटात अल्सर इतका की ऑपरेशन करावं लागलं. रक्ताचं पाणी केलं म्हणतो आपण, ते इथे शब्दशः झालं. आळशीपणाने आजारी पडतात म्हणणाऱ्यांना मी ही गोष्ट नेहमी सांगते.

आणि ते 'रक्तातच असतं'. पश्चिम आफ्रिकन वंशाच्या काही लोकांत एका जनुकाचा विशिष्ट प्रकार असतो ज्याने किडनीचा धोका वाढतो हे खरं आहे, पण तो असलेल्या बहुतेकांची किडनी काही निकामी होत नाही. उलट रक्ताच्या या समजुतीनेच केवढं नुकसान केलं ते ऐका. आमच्याकडे लॅबचा रिपोर्ट यायचा त्यावर किडनीच्या कामाचे दोन आकडे छापलेले असायचे (आकडा जास्त म्हणजे किडनी बरी), एका ओळीत आफ्रिकन-अमेरिकन असेल तर आणि खाली नसेल तर. रक्त एकच, नमुना एकच. पण कृष्णवर्णीय म्हटलं की फॉर्म्युला आकडा १.१५९ ने गुणायचा, म्हणजे १९ चा २२ व्हायचा. आता किडनी ट्रान्सप्लांटच्या यादीत वेळ मोजायला सुरुवात होते २० किंवा त्याखाली! गोरी बाई असती तर यादीत गेली असती, ही मात्र कागदावर बरी ठरून घरी. मी त्या दोन ओळी वर्षानुवर्षं बघितल्या आणि प्रश्न विचारला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. २०२१ मधे तो गुणाकार काढायचं ठरलं, २०२३ पासून यादीतल्या लोकांना बुडालेला वेळ परत द्यायला सांगितलं आणि १४ हजारांवर लोकांना तो मिळाला.

तुमच्या मैत्रिणीसाठी मात्र लगेच करण्यासारखं आहे काहीतरी. गुडघ्यांसाठी ती दुकानातून आयबुप्रोफेन घेत असेल तर आधी डॉक्टरांना विचारायला सांगा, किडनी कमजोर असताना ती गोळी घातक ठरते आणि असं काम करणाऱ्या बायका ती शेंगदाण्यासारखी खातात. जुने रिपोर्ट असतील तर नव्या फॉर्म्युल्याने आकडा किती येतो हे विचारू दे. आणि पुढे कधी डायलिसिसची वेळ आलीच तर मेडिकेअरसाठी, म्हणजे तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या सरकारी आरोग्य विम्यासाठी, ६५ ची वाट बघायची गरज नाही, किडनी निकामी झालेल्यांना १९७२ च्या कायद्याने कमी वयातही ते मिळतं, फक्त पुरेशी वर्षं तिच्या किंवा नवऱ्याच्या पगारातून टॅक्स कापला गेलेला हवा. म्हणून तिला नक्की विचारा की पगार रोख हातात मिळतो की कागदावर. १९३५ ला सोशल सिक्युरिटी, म्हणजे तिथलं सरकारी पेन्शन, आलं तेव्हा शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्यांना बाहेरच ठेवलं होतं, तिची आजी जर हेच काम करत असेल तर तिला तेव्हा काहीच मिळालं नसणार.

प्रश्न : २०२१ च्या प्राथमिक आकड्यांत अमेरिकेतले एशियन सरासरी ८३.५ वर्षं जगतात आणि कृष्णवर्णीय ७०.८ असं वाचलं. मग आईबाबांना कायमचं इकडे आणलं तर काळजी नको ना?
– एक वाचक, एडिसन (न्यू जर्सी)

उत्तर : दादा, त्या 'एशियन' या एका शब्दात डॉक्टर, इंजिनियर, मोटेलमधे रात्रपाळी करणारे आणि निर्वासित छावणीतून आलेले सगळे एकत्र आहेत, त्यामुळे त्या आकड्यावर विसंबू नका. आपल्या लोकांत डायबेटिस आणि हार्टचा धोका जास्तच. कोविडमधला ऑक्सिमीटर आठवतोय ना, २०२० मधे मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवलं की कृष्णवर्णीय पेशंटमधे तो ऑक्सिजन कमी झालेला ओळखण्यात गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा चुकला, सावळ्या त्वचेवर आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो, म्हणून बाबांना धाप लागत असेल तर ९४ दिसलं म्हणून थांबू नका. आणि ग्रीन कार्ड मिळालं तरी तिथे काम न केलेल्या आईवडलांना मेडिकेअर विकत घ्यायलासुद्धा ६५ पूर्ण आणि सलग पाच वर्षांचा मुक्काम लागतो. ती पाच वर्षं कोणता इन्शुरन्स, महिन्याला किती, हे तिकीट काढायच्या आधी बसून लिहून काढा. दात, चष्मा आणि कानाचं मशीन साध्या मेडिकेअरमधे नसतं, ते वेगळं धरा.