उसात बिबट्याची पिलं सापडली तर?

प्रश्न : डॉक्टर, आमच्या निफाडकडच्या उसात तोडणीच्या वेळी बिबट्याची दोन पिलं सापडलीत. डोळेही नीट उघडलेले नाहीत, सारखी ओरडतात. आई दिसत नाही. गाईचं दूध पाजू का?

उत्तर : नको ताई, थेंबभरही नको. गारठलेल्या पिलाला दूध पचत नाही, आणि तोंडात ओतलेलं दूध श्वासनलिकेत गेलं तर पिलू हातचं जातं. आधी तोडणी थांबवा, टोळीला आणि पोराबाळांना लांब न्या. मादी बहुतेक जवळच उसात दबून बसलेली असते. लगेच वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. तोवर पिलांना हात लावू नका. फोटोसाठी तर मुळीच नाही. या सेल्फींचा मला मनापासून राग येतो.

तपासणी झाली की वन विभागाची माणसं संध्याकाळी पिलं क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवतात. तुमच्याकडे द्राक्षाला वापरतात तसलाच प्लास्टिकचा क्रेट. लांबून कॅमेरा लावतात. अंधार पडल्यावर मादी येते, क्रेट पाडते आणि एकेक पिलू तोंडात धरून नेते. पहिल्या रात्री आली नाही तर पिलं पुन्हा ठेवतात. तोवर रात्री पाणी भरायला त्या वावरात कुणालाही पाठवू नका.