पिल्लाचं खाद्य: प्रोटीन नंतर, आधी कॅल्शियम बघा

अमळनेरच्या भाऊंचा प्रश्न थोडक्यात असा: लॅब्राडॉरचं पिल्लू पाच महिन्यांचं. कोरड्या खाद्याच्या पोत्यावर प्रोटीन 24 टक्के, ओल्या पाऊचवर फक्त 8. घरी निम्मं पोत्यातलं, निम्मी कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, आणि वरून रोज कॅल्शियमचं सिरप. खाद्य सकस आहे की नाही, हे ओळखायचं कसं?

भो, आधी ते सिरप बंद करा. डॉक्टरांनी तपासून दिलं असेल तर त्यांना विचारून, पण दुकानदारानं किंवा शेजाऱ्यानं सांगितलं असेल तर आजच.

मी हे ठेच लागून शिकलोय. भुसावळला क्वार्टरमध्ये राहत असताना माझ्या पहिल्या लॅबला पिल्लांचं खाद्य पोटभर, वर दोन वेळा चमचाभर सिरप चालू होतं. हाडं मजबूत व्हावीत म्हणून! सातव्या महिन्यात तो पुढच्या पायानं लंगडायला लागला. एक्स-रे बघून डॉक्टरांनी एकच विचारलं, "पोत्यात कॅल्शियम नव्हतं का?" दुखणं फक्त त्यामुळेच झालं असं ते म्हणाले नाहीत, पण बाटली मात्र त्याच दिवशी बंद केली. मोठं कुत्रं जास्तीचं कॅल्शियम बऱ्याच अंशी बाहेर टाकू शकतं. साधारण सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला ते नीट जमत नाही. जेवढं पोटात जाईल त्यातलं बरंचसं शोषलं जातं, आणि मोठ्या जातीत त्यानं हाडं-सांध्यांची वाढ बिघडते.

अमेरिकेत आफ्को नावाची संस्था खाद्याचे निकष ठरवते, आपल्याकडच्या बऱ्याच पोत्यांवर तिचं नाव दिसतं. ती स्वतः कुठलंही खाद्य तपासत नाही की मंजूर करत नाही, त्यामुळे "आफ्को मान्य" असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. तिचे आकडे मात्र कामाचे आहेत. पाणी वजा करून वाढत्या पिल्लाला प्रोटीन किमान 22.5 टक्के, कॅल्शियम किमान 1.2 टक्के. मोठेपणी 32 किलोच्या आसपास किंवा वर जाणाऱ्या पिल्लांसाठी कॅल्शियमची कमाल मर्यादा 1.8. तुमचा लॅब नर असेल तर त्याच हिशेबानं चला. कॅल्शियमचा आकडा पोत्यावर नसेल तर कंपनीला फोन करा. सांगायला टाळाटाळ केली की ती कंपनी माझ्या यादीतून जाते.

आता भाकरी. तिच्यात कॅल्शियम नावापुरतं, ज्वारीत 0.03 टक्क्यांच्या आसपास. पोत्यात 1.2 असेल आणि निम्मी भाकरी घातली, तर ताटात उरतं 0.6. म्हणजे भाकरीनं कमी करायचं आणि सिरपनं अंदाजपंचे वाढवायचं, असा खेळ चाललाय. पिल्लू मोठं होईपर्यंत भाकरी चवीपुरतीच ठेवा, एकूण खाण्याच्या दहाव्या भागाच्या आत. आणि भरीत तिच्याबरोबर अजिबात नाही. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो.

24 आणि 8 चं कोडं सोपं आहे. पाऊचमध्ये पाणी साधारण 82 टक्के, म्हणजे कोरडा माल 18. आठला 18 नं भागा: 44 टक्के. पोत्यात पाणी 10 टक्के धरलं तर 24 भागिले 90, जेमतेम 27. तेव्हा पाऊच "हलकं" नाही, पाणीदार आहे. पण 400 ग्रॅम कोरड्या खाद्याइतका माल पोटात जायला 100 ग्रॅमची वीस पाऊच फोडावी लागतील. खिशाचा विचार तुम्ही करा. तुमचं पोतं प्रोटीनमध्ये पास आहे, मागे "पिल्लांच्या वाढीसाठी संपूर्ण आहार" अशा अर्थाचं वाक्य आहे का तेवढं बघा.

प्रोटीनच्या आकड्यावर फार जीव टाकू नका, एवढंच. प्रयोगशाळेत नायट्रोजन मोजून त्याला 6.25 नं गुणतात, तोच तो आकडा. पिसांतलं प्रोटीनही त्यात मोजलं जातं. 2007 साली अमेरिकेत मेलामाइन (नायट्रोजननं भरलेलं, प्लास्टिक बनवायचं रसायन) मिसळलेलं गव्हाचं ग्लुटेन असंच प्रोटीन म्हणून खपलं आणि कितीतरी कुत्री-मांजरं मूत्रपिंडं जाऊन मेली. पोत्यावरच्या घटकांच्या यादीत "चिकन" पहिलं बघूनही भुलू नका. क्रम वजनावर लागतो आणि कच्च्या चिकनमध्ये सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं.

सुट्टं खाद्य तर घेऊच नका. लेबल नाही, तारीख नाही, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 ला. उघड्या पोत्यातली चरबी खवट होते, ओल लागली तर बुरशी. त्या बुरशीचं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन, मका पिकवणाऱ्याला ते वेगळं सांगायला नको. ते शिजवूनही जात नाही, आणि कुत्र्याचं यकृत त्याला फार लवकर हार मानतं. महिना-दीड महिन्यात संपेल एवढंच पोतं आणा, आणि मूळ पोत्यासकट डब्यात ठेवा.

आणि बरगड्या चाचपून बघत जा. हाताला लागल्या पाहिजेत, पण डोळ्यांत भरायला नकोत. 48 लॅब्राडॉरच्या जोड्या लावून एक अभ्यास झाला, 2002 साली छापून आला. जोडीदारापेक्षा पाव हिस्सा कमी खाणाऱ्या कुत्र्यांचं मध्यक आयुष्य (निम्मी त्याआधी गेली, निम्मी त्यापुढे जगली) 13 वर्षं भरलं, दुसऱ्यांचं 11.2. अभ्यास खाद्य विकणाऱ्या कंपनीनंच केलेला, म्हणून मला जास्तच पटला.

पोत्याच्या मागच्या बाजूचा फोटो टाका, आकडे वाचता येतील असा. आणि पिल्लाचं आजचं वजनही लिहा.